पहिला शेंदूर

अकोला
१२ फेब्रुवारी २०२५

शालूबाई,

अक्षर ओळखलं असशील. ओळखून पाकीट तसंच फाडणार असशील, तर आधी वाच आणि मग फाड. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. दोनदा ठेवलास. तिसऱ्यांदा लावण्याइतकी मी निर्लज्ज नाही.

अमरावतीला हर्षाच्या लग्नात तुझी नात आकांक्षा भेटली. पाया पडली आणि म्हणाली, "मोठ्या आजी, आमच्या आजीले पत्र लिहा. थे वाचल्याबिगर फाडत नाई." धामणगावचा पत्ता तिनंच दिला. तिला रागावू नकोस. चेहरा अगदी तुझ्या पुनीचा आहे. मी तिच्याकडे फार वेळ पाहू शकले नाही, वरण-भाताच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

मी लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा तू परकर-पोलकं घालायचीस. तुझ्या वेण्या मी घातल्या, म्हणून तुला तू म्हणते. भावजय म्हणून नाही, त्या वेण्यांच्या हक्कानं लिहिते आहे.

तरोळीचा पूल होतो आहे. खोटं वाटेल, पण या वेळी खरंच यंत्रं येऊन उभी आहेत. अंकुर नावाचा एक पोरगेला इंजिनियर आहे अमरावतीचा, तो तुझ्या दादांना शोधत घरी आला. मला वाटलं, सत्कारबित्कार करतात की काय. तीस वर्षांपूर्वी हा पूल विधानसभेत मागणारा आमदार हाच, असं कोणाला तरी आठवलं असेल. तर तसं काही नाही. त्याला फक्त जुन्या कागदात एक नाव सापडलं होतं, खुशालराव उंबरकार, आणि त्या नावाचा माणूस जिवंत आहे का हे पाहायचं होतं.

त्याची अडचण अशी. पूल गावाकडून जिथं टेकणार, बरोबर तिथं आसरामायचं, नदीच्या देवीचं, ठाणं आहे. गाव म्हणतं, माय हलणार नाही. आणि माय म्हणजे काय, तर दादांच्या हातानं बसवलेली त्या पुलाची कोनशिला. वर इतका शेंदूर चढलाय की आत दगड आहे की धोंडा हे कोणाला ठाऊक नाही. म्हणजे बघ, पुलासाठी बसवलेला दगडच आता पूल होऊ देत नाही.

पोरगा सगळं सांगत होता आणि तुझे दादा टोपलीतली वांगी निवडत बसले होते. जाताना त्याला ताजी वांगी दिली पिशवीभर. एवढंच.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय माझं. लिहून टाकते. दुपारची जेवणं झाली की ते ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. बसल्या बसल्या एकाएकी ताडकन उठतात आणि ओरडतात, "थांब! थांब व माय, येऊ नको!" गल्लीतला केळीवाला बिचारा गाडी थांबवून उभा राहतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. हे म्हणतात, "वय कायचं? पुनी हाका मारून राहिली. मामा, येऊ का, म्हनते."

यंत्रं आल्यापासून रोज चालू आहे.

उत्तर दे.

दुर्गावहिनी

*

अकोला
५ मार्च

शालूबाई,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे गृहीत धरूनच दुसरं लिहिते.

काल आम्ही तरोळीला जाऊन आलो. अंकुर गाडी पाठवतो म्हणत होता, पण हे एसटीनंच जाणार. माजी आमदाराचा पास आहे ना! पासापेक्षा जास्त ती पुढची सीट, खिडकीवर लिहिलेली असते ती. मूर्तिजापूरपर्यंत ठीक गेलं. पुढच्या गाडीत कंडक्टर पोरगी नवीन होती. तिनं कार्ड उलटं-सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, हे कायचं होय?"

"मी आमदार होतो."

"कुठचे जी?"

"इथचाच," हे म्हणाले.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, मग तिनं बिचारीनं तिकीट फाडलं. मला हसूही आलं आणि रडूही. तुला आठवतं ना नव्वद साल? कोणत्या पक्षानं उभं केलं नव्हतं, अपक्ष, निशाणी शिलाई मशीन. गावोगाव बाया म्हणायच्या, मशीनवाल्याला द्या. मोर्णेकाठी भाजीचा मळा करणारा माणूस मुंबईला सभागृहात उभा राहून बोलायचा आणि परत आला की सकाळी बाजारात वांग्याची टोपली उतरवायचा. पाच वर्षं. नंतर पडले. पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच टोपली, लोक हसले, यांनी वांगी विकली. असल्या माणसाची आठवण कोण ठेवतं? ज्यानं लुटलं त्याची ठेवतात.

आणि पूल का झाला नाही तेही तुला आजवर कोणी सांगितलं नसेल. तू समजत होतीस, दादांनी मतांसाठी दगड लावला आणि विसरले. विसरले नव्हते गं. त्यांच्या जागी निवडून आलेल्याकडे हे स्वतः गेले होते, मी सोबत होते. तो हसून म्हणाला, "उंबरकारजी, दगडावर नाव तुमचं. तुमच्या दगडावर मी पूल बांधू काय?" त्यानंतरचा, त्याच्याही नंतरचा, सगळ्यांचं तेच. दुसऱ्याच्या दगडावर कोणी पूल बांधत नाही. मग त्यांनी वरच्या अंगाला रस्ते नेले, तरोळी तशीच राहिली.

ठाण्यावर गेलो. पाहशील तर ओळखणार नाहीस. कंबरेइतकी उंच झाली आहे माय, पोट सुटल्यासारखी, चांदीचे डोळे लावलेत. पुढं हिरव्या बांगड्यांचा ढीग. नदी ओलांडण्याआधी शाळेतली पोरं अजून तिथं हात टेकवतात. नत्थुजी म्हणून म्हातारा आहे, तोच तेल-शेंदूर बघतो. तू तरोळी सोडल्यावर आला असेल, यांना तो ओळखत नव्हता.

त्यानं आम्हाला हकीकत सांगितली. "नदीनं एक पोरगी नेली. त्याच्यावर माय आपोआप परगटली. सकाळी लोकं पाहातात तं शेंदरानं लाल. कोनंच लावला नाई. तवापासून नदीनं लेकरू नेलं नाई."

शालू, मी यांच्याकडे पाहत होते. हे एक शब्द बोलले असते तर काम संपलं असतं. 'बाबा, हा माझा दगड आहे, आत माझं नाव आहे.' पण यांनी चपला काढल्या, पुढं गेले आणि स्वतःच्याच कोनशिलेला हात जोडले. नत्थुजीनं खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला, तो खाल्ला. मी इतकी संतापले!

मी विचारलं, "नत्थुजी, मायला थोडं बाजूला बसवता येत नाही काय?"

"येते ना बाई. न याले काय झालं? पर त्याची रीत आहे. ज्यानं पयला शेंदूर लावला, त्याच्याच हातानं माय उठंल. दुसऱ्यानं हात लावला तं गाव धुऊन जाईल. तो मानूस आना. आनता का?" आणि हसला. कारण त्याच्या हिशेबी तो माणूस नाहीच. "चैत्र पौर्णिमेपर्यंत थांबतो म्हनलं त्या इंजिनियरले. तोपर्यंत कोनी आलं तं ठीक. नाई तं आपली माय आहे तिथं बरी."

अंकुर म्हणतो, चैत्राच्या पुढं वाट पाहिली तर पावसाळ्याआधी पाया भरत नाही, आणि वरून सांगितलंय की इथं वाद असेल तर यंत्रं दुसरीकडे न्या. एकदा गेलेली यंत्रं परत येत नाहीत, हे तुला मला सांगायला नको.

परतीच्या गाडीत मी यांना धारेवर धरलं. गप्प का बसलात? म्हणाले, "म्या पाह्यलं होतं तिले. पुनीच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. मी तिच्या घरी जायले निंगालो होतो, हिंमत झाली नाई, बाभळीखाली बसलो. शालू आली. आंधी दगडावर थुकली. मंग नावावर हात फिरवत राह्यली. मंग पदरातून शेंदूर काढला अन् नाव लिपून टाकलं."

म्हणजे पहिला शेंदूर तुझा. देवी म्हणून लावला नाहीस तू, भावाचं नाव रोज डोळ्यांसमोर नको म्हणून लावलास. सकाळी पाणी भरायला आलेल्या बायांनी लाल दगड पाहिला आणि हात जोडले. तू सांगितलं नाहीस. कसं सांगणार होतीस?

मी म्हटलं, मग सांगा ना नत्थुजीला. हे म्हणाले, "थे तिची गोष्ट आहे. थे सांगंल तं सांगंल. मी सांगनार नाई."

म्हणून मी लिहिते. ये. मायला हात लाव, उचल, आणि जा. माझ्या घरी पाणीसुद्धा पिऊ नकोस हवं तर.

दुर्गावहिनी

*

अकोला
२८ मार्च

शालू,

आता 'बाई' लावत नाही. राग आला आहे मला.

पोस्टमनला विचारून विचारून मी त्याला भंडावलं. आकांक्षाला फोन केला, ती म्हणाली, आजीनं दोन्ही पत्रं वाचली, घडी करून गादीखाली ठेवली आणि तेव्हापासून हार गुंफायला बसली की झेंडूच्या पाकळ्या कुस्करत बसते. म्हणजे पोचलं आहे तुझ्यापर्यंत. मग कशाची वाट पाहतेस? त्या काठावर आजही शाळेतून पोरं येतात. आजही कोणाची तरी आई या काठावर उभी असते.

इकडचं सांगते. हे आता जेवत नाहीत धड. काल दुपारी ओरडून उठले ते फाटकापर्यंत धावत गेले, एक चप्पल पायात, एक नाही. मी हात धरून आणलं. पाणी दिलं. आणि विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही तरोळीलाच होता ना? मला तर तुम्ही सांगितलं होतं की बातमी कळल्यावर गेलात.

म्हणाले, "होतो."

मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तुमच्या तिथली ती पद्धत मला माहीत होती, पण नीट कळली नव्हती. पलीकडच्या काठावरून वरचं वळण दिसत नाही, बाभळी आड येतात. गावाकडचा काठ उंच, इथून दिसतं. म्हणून येणाऱ्यानं तिकडून विचारायचं, येऊ का, आणि इकडे जो असेल त्यानं वळणाकडे पाहून सांगायचं, ये किंवा थांब. इकडून हाक आल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नाही. आपल्याकडे तर पाऊसही नव्हता त्या दिवशी. तिकडे डोंगरात पडला होता.

"पुनी तिकडून दिसली. दप्तर डोक्यावर. म्या दिसलो तशी खुश झाली. मामा, येऊ का, म्हने. इकडून 'ये' गेलं."

एवढं बोलून पाण्याचा पेला खाली ठेवला.

मी म्हटलं, "इकडून म्हणजे कोणाकडून?"

उत्तर नाही. संध्याकाळी दिवा लावला तरी तसेच.

शालू, मी बायको आहे त्यांची, मला उत्तराची गरज नाही. पोरीनं मामाला विचारलं, तर उत्तर मामाच देणार. त्या नदीच्या काठचा माणूस नाही तो, मळ्यातला माणूस. वळणाकडे पाहायचं त्याला कुठून सुचणार? पोर दिसली, आनंद झाला, ये म्हणाला. म्हणून आता रोज थांब थांब ओरडतो. म्हणूनच पुलासाठी त्या हलकटाच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणूनच तू शेंदूर फासलास ते पाहून बाभळीखालून उठला नाही.

हे तुला लिहू नये असं वाटत होतं. पण लपवून कोणाचं भलं झालं? दगडाचा दोष त्याचा नव्हता, हा मात्र आहे. घे. आता पोटभर शिव्या दे त्याला, मी आड येणार नाही. फक्त चैत्र पौर्णिमेला तरोळीला ये.

दुर्गा

*

अकोला
१८ एप्रिल

शालूबाई,

तू आलीस.

तुझ्या मुलाच्या, श्यामच्या गाडीतून उतरलीस तेव्हा मी ओळखलं नाही. केस पांढरे होणार हे मला माहीत असायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर वेण्याच होत्या. तू माझ्याशी बोलली नाहीस, नत्थुजीशी नाही, सरळ मायसमोर गेलीस आणि म्हणालीस, "पयला शेंदूर माहा आहे." बाया हसल्या. मग तू दगडाच्या मागं हात घालून सांगितलंस की खाली डाव्या कोपऱ्याला टवका उडाला आहे, तो शेंदराच्या आधी तू रागानं मारलेल्या दगडानं उडाला. नत्थुजीनं बोट घालून पाहिलं. त्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मला वाटलं होतं, आता गाव तुझ्यावर तुटून पडणार. देवी नव्हतीच म्हणून. पण त्या म्हाताऱ्या पार्बताबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना? "तुह्या पोरीसाठी तू लावला, आमी आमच्या पोरीसाठी लावला. माय तं तीच न व." मग तू हात लावलास, आणि ती सगळी शेंदराची खोळ, इतक्या वर्षांची, एका अंगानं दगडावरून सुटली. नत्थुजी म्हणाला, मायनं खोळ सोडली, आता जिथं खोळ बसंल तिथं माय. तू ती छातीशी धरून बाजूला बांधलेल्या नव्या ओट्यावर नेलीस. लेकरू नेतात तशी.

हे सगळं तुला माहीत आहे, मी का लिहिते कळत नाही. लिहिल्यावर खरं वाटतं म्हणून असेल.

ओट्यावरून तू वळलीस आणि दादांसमोर उभी राहिलीस. मी पुढं होणार होते, मला वाटलं आता मारतेस. तू म्हणालीस, "दादा, वहिनीनं लिहिलं थे वाचलं म्या. तू काहून सांगतलं नाई तिले? तुह्या तोंडातून शब्द निंगाच्या आंधी म्या ये म्हनलं. मले घाई होती, चुलीवर भाजी होती. म्या वळनाकडं पाह्यलंच नाई."

इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावले होते, आणि शेवटचे पंधरा दिवस त्यांच्यावर. दोन्ही वेळा चुकले.

दादा म्हणाले, "तू आई होती. मी पडलेला आमदार. मले लोकं शिव्या देतच होते, एक जास्त काय अन् एक कमी काय."

"म्या तुह्यावर ढकललं सारं."

"मंग काय झालं? मले पेलत होतं. मले वळन दिसलं होतं, शालू. पानी दिसलं होतं. थांब म्हनासाठी तोंड उघडलं अन् थे तोंडातच राह्यलं. तेवढंच टोचते."

तू त्यांच्या पायाशी बसलीस, त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तू लगेच निघून गेलीस. थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आमच्या घरात तो शब्द मी आता वापरत नाही.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही, त्यासाठी हे पत्र.

खोळ निघालेला दगड आम्ही पाहिला. नाव जसंच्या तसं होतं. काळ्या रंगात, कोरं, काल लिहिल्यासारखं. 'आमदार श्री. खुशालराव उंबरकार यांच्या शुभहस्ते'. बार्शीटाकळीकडच्या शाळेवरचा त्यांचा दगड ऊन-पावसानं पुसून गेला आहे, इतर दोन-तीन कुठं गेले कोणाला माहीत नाही. एवढा एकच राहिला. तू मिटवायला गेलीस आणि शेंदरानं तो जपला.

आणि आणखी एक. तू खोळ उचललीस तेव्हा डोळे मिटले होते तुझे. मी मागून पाहिलं. खोळीच्या आतल्या बाजूला तेच नाव उमटलेलं आहे, उलट्या अक्षरांत. त्यावर तुझी चार बोटं. म्हणजे आता ओट्यावर बसलेल्या मायच्या पोटात तुझ्या भावाचं नाव आहे, आणि गाव त्याच्यापुढं नारळ फोडतं. मी यांना कानात सांगितलं. हे म्हणाले, "म्हंजे पुना निवडून आलो म्हन." कितीतरी वर्षांनी हसताना पाहिलं मी त्यांना.

अंकुरनं विचारलं, कोनशिला नीट काढून ठेवू का, पूल झाल्यावर कठड्यात बसवू. हे म्हणाले, "नाई. पुलाच्या पायात टाक. नाव खाली करून." दुसऱ्या दिवशी तसं केलं.

तेव्हापासून दुपारी ते ओरडत नाहीत. खुर्चीत बसतात, डोळे मिटतात, झोप लागते. मला बरं वाटायला हवं.

जपून राहा. चुलीवरच्या भाजीचा विचार करू नकोस. मी करणार नाही म्हटलं तरी पोळी लाटताना तोच येतो, पण तू करू नकोस.

तुझी वहिनी

*

अकोला
२१ जुलै

शालूबाई,

तुझा झेंडूचा हार पोचला. श्यामनं स्वतः आणून दिला, फोटोला मीच घातला. तेराव्याला तू आलीस, माझ्या शेजारी झोपलीस, हे मी कधी विसरणार नाही. आमदार गेले म्हणून कोणी झेंडा उतरवला नाही. तरोळीहून मात्र नत्थुजी आला होता, पार्बताबाई आल्या होत्या आणि बसमधली ती कंडक्टर पोरगी. तिनं कार्डावरचं नाव लक्षात ठेवलं होतं म्हणे.

अंकुरचा फोन होता. पाया भरून झाला, गावाकडचा खांब उभा राहिला आहे. नदीला पाणी आहे पण खांबाला काही झालं नाही. पुढच्या वर्षी या दिवसांत माणसं वरून जातील.

आता जे लिहिते ते श्यामला वाचून दाखवू नकोस. म्हातारी एकटी पडली, डोक्यावर परिणाम झाला, म्हणेल.

काल दुपारी मी ओसरीवर गवाराच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांची खुर्ची समोर रिकामी. आणि मला ऐकू आलं. लांबून, पाण्यावरून यावं तसं. त्यांना यायची ती हाक असेल असं वाटलं, पण नाही, मलाच होती. मामी, म्हणाली. "मामी, येऊ का?"

मी घाबरले नाही गं. हातातली शेंग तशीच धरून फाटकाकडे तोंड केलं आणि त्यांना जमलं नाही ते शांतपणे म्हटलं, "थांब माय. पूल होऊ दे."

ती थांबली आहे.

तुझी,
दुर्गा